पापडखाराचं गणित

“सर, पुस्तकातली गणितं सोडवून तुमचं पोट भरतं न्हवं? मग हे एक आमचं सोडवा.”

असं म्हणून पद्माक्का बिरनाळ्यांनी माझ्या खाटेवर धाडकन एक गाठोडं ठेवलं. रविवारची सकाळ होती. मी लुंगीवर, हातात पुस्तक, आणि खोलीत बसायला खाटेशिवाय दुसरी जागा नाही. गाठोड्यानं खाट अडवल्यावर मी उभा राहिलो. अक्काही उभ्याच. दारात माझ्या घरमालकीण चंपाकाकू चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. तो चहा कुणासाठी आहे हे ठरत नव्हतं.

“काय आहे यात?” मी विचारलं.

“वह्या. रोजकीर्द, खतावणी, मालाचं रजिस्टर. पगारी सेक्रेटरी बाळंतपणाला गेली चिक्कोडीला. तिनं लिहिलंय सगळं चोख. पर ते वाचून सांगणारं कुणी न्हाई.”

ही गोष्ट पंच्याऐंशी सालची. मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि कसबे वडगीच्या नव्या कॉलेजात हिशेबशास्त्र शिकवत होतो. शिकवत होतो असं म्हणायचं. पहिल्या बाकापलीकडे माझा आवाज जात नसे, आणि कुणी शंका विचारली की मला ती शंका माझ्याबद्दलच आहे असं वाटे. गणितं मात्र मला आवडत. त्यात ‘अ लिमिटेड’ आणि ‘ब लिमिटेड’ अशा कंपन्या असत. त्यांना तोंडं नसत, म्हणून त्यांच्याशी माझं जमे. खरी कंपनी, खरी संस्था, खरा नफा यांपैकी काहीही मी जवळून पाहिलेलं नव्हतं.

पद्माक्कांची संस्था मात्र अगदी खरी होती. चोपन्न बायकांची, उडदाच्या पापडांची. पीठ संस्थेत मळायचं, सभासदांनी लाट्या घरी न्यायच्या, लाटून, वाळवून परत आणायचे आणि किलोवर मजुरी घ्यायची. आधी पीठ हातानं कुटत. त्या वर्षी संस्थेनं पीठ मळायचं यंत्र घेतलं होतं. अक्का पन्नाशीच्या होत्या, उंच, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायच्या. मला ते फार जड जायचं.

“नफा किती झालाय?” मी गाठोड्याकडे बघत विचारलं.

“अठरा हजार सहाशे चाळीस.”

“अरे वा!”

“आणि शिल्लक अकराशे बारा.”

मी पुन्हा गाठोड्याकडे बघू लागलो.

“बगा, तुमीसुदिक गप झाला,” अक्का म्हणाल्या. “पुढच्या रविवारी वार्षिक सभा हाय. गेल्या साली लाभांश वाटला, औंदा द्यायला दमडी न्हाई. ऐनापुऱ्याची रत्नाबाई गावभर सांगत सुटलीय की नफा अक्काच्या घरात फरशी होऊन पडलाय.”

“फरशी?”

“बसवली की. शहाबादी. थोरल्यानं मिलिटरीतनं पैसं धाडलं, त्याची. आता मनिऑर्डरीची पावती कपाळाला चिकटवून हिंडू का?”

“सरकारी ऑडिटर येत असतील ना?”

“ते दोन सालं मागं चालत्यात. तवर माझी तिरडी बांधून झाली असंल.” मग त्यांनी गाठोड्यावर हात ठेवला. “सर, खुर्ची गेली तर जाऊ दे. पंधरा वर्सं बसले, कंबर धरली. पर चोर म्हणून उठवलं तर ह्या गावात मला तोंड दाखवायला जागा न्हाई. अठरा हजार नफा, आन पैसा न्हाई. मग तो गेला कुठं, एवढं सभंत सांगा.”

“सभेत? मी?”

“मग काय चंपाबाई सांगणार?”

चंपाकाकूंनी चहाचा कप घाईघाईनं माझ्या हातात दिला आणि निघून गेल्या.

नफा आहे पण रोकड नाही, हे गणित मी वर्गात तीन वर्षं शिकवत होतो. नफ्यात घसारा, म्हणजे यंत्राच्या झिजेपोटी नुसती वहीत कापलेली रक्कम, परत मिळवायचा, माल वाढला असेल तर वजा करायचं, उधारी वाढली तर वजा करायचं, मालमत्ता घेतली ती वजा, कर्ज काढलं ते मिळवायचं, शेवटी रोकड जुळते. सोमवारी कॉलेजातून आल्यावर मी ते मांडलं. रोकड जुळली नाही. चार हजार आठशेचा फरक आला. मंगळवारी पुन्हा मांडलं, फरक तेवढाच. मला वाटलं, रत्नाबाई ऐनापुरे म्हणतात तेच खरं. बुधवारी सकाळी आंघोळ करताना लक्षात आलं की चोवीसशेचा घसारा मी मिळवायच्या ऐवजी वजा केला होता. दुप्पट फरक. तीन वर्षं शिकवून माझ्या हातून ही चूक झाली. माझ्या हाताखालून गेलेल्या दोनशे मुलांचं आता काय करावं, हा विचार करत मी तसाच ओल्या अंगानं वही उघडली.

आणि जुळलं! वर्षाच्या सुरुवातीची रोकड नऊ हजार दोनशे. नफा आणि घसारा मिळवला. त्यातून सात हजार तीनशे डाळीच्या आणि पापडाच्या वाढलेल्या साठ्यात गेले, सहा हजार नऊशे अठ्ठावीस सांगलीच्या एका व्यापाऱ्याकडे उधारीत अडकले. यंत्राला चोवीस हजार गेले. बँकेचं कर्ज बारा हजार आलं. गेल्या साली जाहीर केलेला लाभांश एकोणतीसशे या साली वाटला. खाली उरले बरोबर अकराशे बारा. एक पैसा कमी नाही, जास्त नाही. इतका आनंद मला नोकरीचं पत्र आलं तेव्हाही झाला नव्हता.

तो आनंद अर्धा तास टिकला. मग मला यंत्राच्या पावत्या बघायची बुद्धी झाली.

यंत्राची किंमत अठरा हजार पाचशे. वाहतूक आणि हमाली सहाशे चाळीस. सिमेंटचा चौथरा, मिस्त्री आणि जोडणी एक हजार ब्याऐंशी. या शेवटच्या आकड्यात नारळ आणि पेढ्यांचे एक्कावन्न रुपये धरलेले होते. यंत्रासमोर फोडलेला नारळ हा यंत्राच्या किमतीत धरता येतो का, आणि धरला तर त्यावर दहा वर्षं घसारा काढायचा का, या प्रश्नानं माझी ती दुपार खाल्ली. तरी सगळं मिळून होतात वीस हजार दोनशे बावीस. वहीत मात्र यंत्र चोवीस हजारांना होतं. मधले तीन हजार सातशे अठ्ठ्याहत्तर एका ओळीत लिहिलेले: ‘यंत्र चालू करण्याचा खर्च’. पावती नाही.

संध्याकाळी मी अक्कांच्या घरी गेलो.

“ही रक्कम कशाची?”

“लिहिलंय की. यंत्र चालू करायचा खर्च.”

“पावत्या?”

“हायत.”

“जरा बघू?”

“न्हाई.”

“अक्का, पुस्तकाप्रमाणे चाचणीचा खर्च यंत्राच्या किमतीत धरतात, तो धरता येईल. पण तो काय होता हे कळल्याशिवाय…”

“सर, तुमी नफा कुठं गेला ते सांगा. तेवढं बास.”

खरं सांगायचं तर त्या वेळी माझी नजर खाली गेली आणि मी फरशा मोजल्या. लांबीला अकरा, रुंदीला नऊ. घरी येताना मनात भाव लावून पाहिला. सदतीसशेच्या आसपास गेला. त्या रात्री मी जेवलो नाही, आणि चंपाकाकूंना पित्त झालंय असं सांगितलं.

मला माणसांना प्रश्न विचारता येत नाहीत. वह्यांना विचारता येतात. म्हणून गुरुवारी मी मालाचं रजिस्टर पहिल्या पानापासून वाचायला घेतलं, जसं एखादं पुस्तक वाचावं तसं. सेक्रेटरी बाईंचं अक्षर सुरेख होतं. किती पीठ निघालं, किती मीठ, किती हिंग, किती मिरी. किलोला चाळीस ग्रॅम पापडखार, हे प्रमाण कुठं चुकलेलं नव्हतं. फक्त यंत्र बसल्यानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत पीठ मळलं तीनशे साठ किलो, त्याला पापडखार लागायला हवा चौदा किलो चारशे. डब्यातून खर्ची पडला होता एकोणीस किलो आठशे.

आणि त्या तीनशे साठ किलोंचा एकही पापड विक्रीला गेलेला नव्हता.

मी स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. चंपाकाकू भाकरी थापत होत्या. त्या संस्थेच्या जुन्या सभासद.

“काकू, पापडखार जास्त झाला तर काय होतं?”

काकूंच्या हातातली भाकरी परातीत पडली. त्यांनी उठून मागचं दार लावलं, पुढचंही लावलं आणि पदर तोंडाशी धरला.

“सर, कुनाला सांगू नका. तुमच्या पाया पडते.”

“काय सांगू नको?”

“माझ्या हातनंच झालं ते. मूठ जरा मोठी पडली.”

“कसली मूठ?”

“आमच्यात वर्साचा पैला पापड करताना पापडखार घरच्या बाईनं आपल्या हातानं टाकायचा. मापानं न्हाई, मुठीनं. त्याबिगर पापड फुलत न्हाई. आता त्या यंत्रात सगळं मापानं टाकलं, आन ते घरघर फिराया लागलं. कुनाचाबी हात लागला न्हाई बगा त्या पिठाला! माझ्या जिवाला बरं वाटंना. अक्का तिकडं वळल्या, तवर मी डब्यातली एक मूठ टाकली. बरकतीसाठनं.” काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. “दोन दिस आभाळ हुतं, पापड वाळलं न्हाईत. चौथ्या दिशी तळून बगितलं तर काळं तांबडं, आन कडू जहर. तीनशे साठ किलो! माझ्या एकलीच्या मुठीपायी. अक्कास्नी मी रातीच जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, गप बस, यंत्राचं तेल पिठात उतरलं असं आपुन सांगू.”

मी काकूंच्या भाजी मोजायच्या तराजूवर माझ्या मुठीत मावेल तेवढा पापडखार टाकून पाहिला. नव्वद ग्रॅम भरला.

“काकू, जास्तीचा पापडखार पाच किलो चारशे आहे. तुमच्या मुठीत मावेल का?”

“अगं बाई!”

भागाकार मी तिथंच शेणानं सारवलेल्या जमिनीवर खडूनं केला. उत्तर आलं साठ. साठ मुठी.

शुक्रवारी मी तो भागाकार कागदावर उतरवून अक्कांसमोर ठेवला. या वेळी फरशीकडे बघायची मला लाज वाटली, म्हणून छताकडे बघत होतो.

“कुणी सांगितलं तुमास्नी?” अक्कांनी विचारलं.

“तराजूनं.”

अक्कांनी कागद उचलून पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, “चौथ्या दिशी रातीपास्नं एकेक बाई मागल्या दारानं येऊ लागली. अक्का, माझ्या हातनं झालं, कुनाला सांगू नका. अकरा जणी आल्या, सर. परत्येकीला वाटतंय, आपल्या एकलीमुळं. परत्येकीला मी शब्द दिलाय.”

“म्हणजे वाया गेलेल्या डाळीच्या जागी तुम्ही परत डाळ घेतली…”

“सांगलीची ऑर्डर बुडाली असती. घेतली, आन यंत्राच्या नावावर टाकली.”

“पावत्या दाखवल्या तर तुम्ही मोकळ्या व्हाल, अक्का.”

“पावत्या दाखवल्या की रत्नाबाई इचारणार, माल कशानं नासला? यंत्रानं म्हणावं, तर मग कंपनीकडनं भरपाई का मागितली न्हाई? कंपनीला खोटं लिहून द्यायचं माझं धाडस झालं न्हाई. आन बायकांनी नासला म्हणावं, तर कुणी ते सांगा. मग?” त्यांनी कागदाची घडी करून माझ्या हातात दिली. “माझ्या तोंडातनं एक नाव निघणार न्हाई. तुमच्याबी निघू नये.”

“मग मी सभेत सांगू काय?”

“ते तुमचं गणित.”

सभा मराठी शाळेच्या मोठ्या वर्गात होती. मी वेळेआधी अर्धा तास जाऊन बसलो आणि बायका आत येऊ लागल्या तसं अर्धा तास आधी निघून जायला हवं होतं असं वाटू लागलं. चोपन्नच्या चोपन्न आल्या होत्या. तक्रारीच्या सभेला उपस्थिती पूर्ण असते. रत्नाबाई ऐनापुरे पुढच्या बाकावर होत्या, बुटक्या, ठसठशीत, हातात कोपरापर्यंत बांगड्या.

“हे पोरगं सांगणार व्हय?” त्यांनी शेजारणीला मोठ्यांदा विचारलं. “ह्याची मिशी तरी फुटली का?”

अक्कांनी माझी ओळख करून दिली. मी उभा राहिलो. समोर एकशे आठ डोळे. तेव्हा मी एकच गोष्ट करू शकत होतो ती केली. बायकांकडे पाठ फिरवली, खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं: ‘गणित पहिलं. एका संस्थेला नफा झाला १८,६४०. तरी रोकड उरली १,११२. बाकीची कुठे गेली?’

“आमीबी तेच इचारतोय!” मागून कुणीतरी ओरडलं. हशा झाला. पाठीमागचा हशा पुढच्या हशाइतका लागत नाही असं माझ्या लक्षात आलं, आणि मला जरा बळ आलं.

मी एकेक ओळ लिहीत गेलो आणि फळ्याशीच बोलत गेलो. घसारा म्हणजे काय हे सांगताना अडखळलो. “चुलीवरचा तवा रोज थोडा झिजतो, पण त्यासाठी रोज पैसे द्यावे लागत नाहीत,” असं काहीतरी म्हणालो, आणि माझ्या मागं कुणीतरी “बराबर हाय” म्हटलं. डाळीच्या पोत्यांत किती, व्यापाऱ्याकडे किती, यंत्रात किती, बँकेकडून आले किती, हे लिहून खाली रेघ मारली. अकराशे बारा.

“म्हंजे नफा हाय, पर तो डाळ होऊन बसलाय?” रत्नाबाईंचा आवाज.

“हो. आणि थोडा सांगलीत. आणि थोडा यंत्रात.”

“मग लाभांश म्हणून मला यंत्राचं एक चाक द्या, मी घरी नेते.”

वर्ग फुटला हसून. मी थांबलो. खडूचा चुरा हातावर गळत होता.

“ते यंत्राचं चोवीस हजार लिवलंय न्हवं,” रत्नाबाई पुढं म्हणाल्या, “त्याच्या पावत्या वीस हजाराच्या हायत. कंपनीच्या माणसाकडनं आन मिस्त्रीकडनं मी कवाच काढून घेतलंय. वरलं सदतीसशे कुठं हायत, सर? का ते फरशीखाली हायत?”

आता कुणी हसलं नाही. मला पाठीवर अक्कांची नजर जाणवत होती. मी फळा पुसला. सावकाश पुसला, कोपऱ्यांसकट. मग लिहिलं: ‘गणित दुसरं.’

“एका संस्थेत,” मी म्हणालो, “तीन दिवसांत तीनशे साठ किलो पीठ मळलं. किलोला चाळीस ग्रॅमप्रमाणे पापडखार लागायला हवा चौदा किलो चारशे. लागला एकोणीस किलो आठशे. जास्त किती?”

“पाच किलो चारशे,” एक कोवळा आवाज पटकन म्हणाला, आणि लगेच गप्प झाला. सगळा वर्गच गप्प झाला. बाहेर शाळेच्या हौदावर कुणीतरी बादली आपटत होतं, तेवढं ऐकू येत होतं.

“एका मुठीत पापडखार मावतो नव्वद ग्रॅम,” मी म्हणालो. माझा आवाज आता मलाच ऐकू येईना. “तर एकूण मुठी किती?”

मी भागाकार मांडला आणि उत्तर मोठ्ठं लिहिलं. साठ.

“नासलेल्या मालाच्या जागी परत डाळ घ्यावी लागली. तिचे सदतीसशे अठ्ठ्याहत्तर. पावत्या अध्यक्षांकडे आहेत.” मी साठाखाली आणखी एक रेघ मारली. “गणितात नावं नसतात. मला नावं माहीत नाहीत, आणि नकोत. एक मूठ टाकणाऱ्या बाईला वाटतं की सगळं आपल्यामुळं झालं. पण एका मुठीनं तीनशे साठ किलो नासत नाही, हे… हे भागाकारानं सिद्ध होतं. मी काही मागं वळून बघणार नाही. ज्यांची मूठ या साठांत असेल त्यांनी उभं राहावं. नसेल तर गणित चुकलं, आणि ती चूक माझी.”

मी डोळे मिटले. फळ्याला नाक लागेल इतका जवळ होतो. खडूचा वास येत होता.

आधी एक बाक करकरला. मग बांगड्या वाजल्या. मग आणखी एक बाक, आणि पदर सारखा केल्याचा आवाज. मग इतके बाक एकदम करकरले की छपरावरची कबुतरं उडाली. आणि मग कुणीतरी खुदकन हसलं.

“अगं, तू बी?”

“मग? तुझं काय?”

“आन मी सा म्हैनं झोपले न्हाई की गं!”

“मला वाटलं, माजीच एकलीची…”

“सर,” मागून एक आवाज आला, “हित्तं चोपन्न हाव आमी. साठ कशा?”

हा प्रश्न मला दोन रात्री छळत होता. “तो फरक मला सुटलेला नाही,” मी फळ्याला सांगितलं. “माझा हात लहान असेल. मुठीचं वजन चुकलं असेल.”

“हात न्हाई चुकला.” हा आवाज ठसठशीत होता. “मी दोन टाकल्या. पैलीला देवाचं नाव घ्यायचं इसरले हुते.”

रत्नाबाई! त्यानंतर वर्गात जे हसू उसळलं ते शाळेच्या शिपायाला आत बघायला लावण्याइतकं होतं. आणखी दोघीतिघींनी दोन-दोन कबूल केल्या. एका म्हाताऱ्या आवाजानं, “मी टाकलीच न्हाई, पर आता एकली बसून काय करू, म्हणून उठले,” असं सांगितलं. मी बोटांवर मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

हसू ओसरल्यावर रत्नाबाईंनी विचारलं, “मग सर, ह्या सदतीसशेचं पुस्तकात काय करत्यात?”

“यंत्राची चाचणी घेताना थोडाफार माल वाया जातोच, तो यंत्राच्या किमतीत धरतात,” मी म्हणालो. “पण इतका… हा नेहमीचा नाही म्हणता येत. तो त्याच वर्षीच्या नफ्यातून वजा करावा लागतो.”

“म्हंजे मुठी धा वर्सं घसाऱ्यात जिरवायच्या का औंदाच गिळायच्या, असंच न्हवं?”

इतक्या थोडक्यात मला हे आजवर कुणाला सांगता आलेलं नाही.

“नियमानं औंदाच,” मी म्हणालो.

“मग गिळू. लिवा ठराव. यंत्राच्या वेळचं नुकसान सगळ्या सभासदांनी मिळून केलं, सबब सगळ्यांनी मिळून सोसलं. अक्कांच्या हिशेबाला मंजुरी. आन लाभांश कवा, तर सांगलीच्या त्या व्यापाऱ्यानं उधारी दिल्यावर. त्याच्या दुकानात सोमवारी मी जाऊन बसते. बगू कसा देत न्हाई ते.”

ठराव एकमतानं झाला. नफा अठरा हजार सहाशे चाळीसवरून चौदा हजार आठशे बासष्टवर आला. खरं म्हणजे यंत्राची किंमत कमी झाल्यावर घसाराही कमी व्हायला हवा होता, म्हणजे नफा पुन्हा तीनशे सत्त्याहत्तर रुपये ऐंशी पैशांनी वाढणार होता. पण हे त्या सभेत सांगायचा मला धीर झाला नाही. पुढं दोन वर्षांनी ऑडिटर आले तेव्हा त्यांनी ते लाल शाईनं काढलं, आणि खाली पेन्सिलीनं कुणी हिशेब केला असं विचारलं. मी तेव्हा रजेवर होतो.

बायका पांगल्यावर मी हातावरचा खडू धूत हौदापाशी उभा होतो. अक्का वह्यांचं गाठोडं काखेत घेऊन आल्या. त्या आभार मानतील अशी मला भीती वाटत होती. त्यांनी मानले नाहीत. आम्ही शाळेच्या फाटकापर्यंत आलो.

“अक्का,” मी शेवटी म्हणालो, “किती जणी उभ्या राहिल्या? मला नुसता आवाज आला.”

“वळून बगायचं की.”

“धीर झाला नाही.”

अक्का थांबल्या. पहिल्यांदाच त्या माझ्या डोळ्यांत न बघता रस्त्याकडे बघत बोलल्या.

“बरं झालं. अकरा जणी सांगून गेल्या, त्यांच्यापुढं मला सांगता आलं न्हाई. नारळ फुटला तवा सगळ्यात पैली मूठ माझी हुती, सर. तुमी वळला असता, तर मी खाली बसले असते.”

आणि त्यांनी गाठोडं या काखेतून त्या काखेत घेतलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि घराकडे निघाल्या.